ए-2 घेताना आधी ठेकेदार ठरवा

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांचं चामडी जाकीट, म्हणजे ए-2, हुबेहूब नक्कल म्हणून घ्यायचं असेल तर दुकानात शिरण्याआधी एक गोष्ट ठरवा : कुणाचं ए-2? नुसतं ए-2 असं काही नसतंच. 1931 मध्ये ते मंजूर झालं, 1943 मध्ये सरकारने नवी खरेदी थांबवली. आराखडा सगळ्यांना एकच, क्रमांक 30-1415. पण शिवणारे ठेकेदार किती! पेनसिल्व्हेनियातली रफ वेअर, न्यूयॉर्क राज्यात बीकनची एरो आणि न्यूबर्गची पेरी, शिकागोची डुबो, शिवाय आणखी बरेच. माझ्या वडिलांचं सांगलीत शिवणकामाचं दुकान होतं. एकच माप दोन कटरांना दिलं तर दोन वेगळे शर्ट बाहेर पडायचे. इथेही तेच झालंय. कुणाच्या कॉलरला खाली पट्टी आहे, कुणाची कॉलर सरळ गळ्यावरच बसवलीय. खिशाच्या झडपेची कड, खांदेपट्टीवरची शिलाई, सगळ्यांत ज्याची त्याची सही. जो विक्रेता ठेकेदार न सांगता फक्त ‘अस्सल ए-2’ म्हणतो, त्याच्याकडून मी रुमालसुद्धा घेणार नाही.

मी ब्रिस्टलला राहतो. माझ्याकडे आहे ते डेव्हनमधल्या आयव्हीब्रिजच्या ईस्टमन लेदर क्लोदिंगचं, रफ वेअरच्या 27752 क्रमांकाच्या कंत्राटावर बेतलेलं, घोड्याच्या कातड्याचं. किंमत हजार पौंडांच्या आसपास जाते, घरात सांगताना मी ‘जरा महाग’ एवढंच म्हणालो.

आधी पाठ बघा. ए-2 ची पाठ एकाच तुकड्याची असते, मध्ये जोड नाही, वर खांद्याला योक, म्हणजे वेगळा जोडलेला तुकडा, नाही. एवढा मोठा, डाग-ओरखडा नसलेला तुकडा एका कातड्यातून काढायचा म्हणजे बाकीचं कातडं बारीकसारीक भागांसाठी उरतं. स्वस्त नकलांमध्ये पैसा इथेच वाचवतात : पाठीवर एक शिवण मारली की दोन लहान तुकड्यांत काम भागतं. माझ्या जाकिटाची पाठ उजेडात तिरकी धरली तर मानेजवळ रवा, म्हणजे कातड्याचा वरचा पोत, घट्ट आणि गुळगुळीत, कमरेकडे किंचित सुटा, हाताला वेगळा लागतो. सपाट, एकसारखं प्लास्टिकसारखं दिसणारं कातडं असेल तर त्यावर रंगाचा जाड थर चढवलाय असं समजा.

मग मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो बगलेचा घेर. हा सगळ्यात अवघड भाग आणि फोटोत कधीच कळत नाही. जुन्या जाकिटांचा मुंढा वर, बगलेला भिडून असतो, म्हणून हात वर केला तरी कमरेची लोकरी पट्टी फार उचलली जात नाही. कॉकपिटमध्ये बसणाऱ्याला तेच हवं. आजच्या फॅशनच्या जाकिटांत मुंढा खाली ओढून सैल केलेला असतो, त्यात हात वर केला की सगळं जाकीट छातीवर चढतं. माझं बगलेत नेमकं बसतं. वडिलांनी व्हिडिओ कॉलवर हात वर-खाली करायला लावले आणि म्हणाले, “बेतणाऱ्याला काम येतंय.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

चेन टॅलन या अमेरिकी कंपनीच्या जुन्या धाटणीची, धातूची. जपानी नकला करणारे या बाबतीत तर वेडेच आहेत. टोकियोच्या टोयो एंटरप्राइझचा बझ रिक्सन्स ब्रँड चेनसुद्धा जुन्या नमुन्यावरून नव्याने बनवून घेतो. कॉलरची टोकं आणि खिशांच्या झडपा टिचबटणांवर. गळ्याशी हुक. सुती अस्तर, मानेखाली लेबल, त्यावर ठेकेदार, आराखडा क्रमांक, कंत्राट क्रमांक.

हात खुपसायला बाजूचे खिसे नाहीत, आणि नसायलाच हवेत. अमेरिकी हवाई दलाने 1988 मध्ये ए-2 परत आणलं, ते शेळीच्या कातड्यात, आणि बाजूचे खिसे त्याला त्यानंतर केव्हातरी जोडले गेले. महायुद्धाच्या नावाखाली विकलेल्या जाकिटाला ते दिसले तर विषय संपला. थंडीत गैरसोय होते, हे खरं. आतला खिसाही नाही. फोन पँटमध्ये.

आता सजावट. इथे ऑनलाइन विक्रेते कहर करतात. शेजाऱ्याच्या मुलाने मागवलेल्या एका जाकिटाच्या खांद्यावर इंग्लंडमधल्या आठव्या हवाई दलाचा पंखवाला आकडा, आणि पाठीवर चिनी झेंड्याचं ब्लड चिट, म्हणजे पडलेल्या वैमानिकाला मदत करा असं स्थानिकांना सांगणारं कापड! नॉर्फोकहून जर्मनीवर बॉम्ब टाकायला निघालेल्या माणसाला चिनी गावकऱ्यांनी वाचवावं, अशी अपेक्षा. ते चिट ‘फ्लाइंग टायगर्स’चं, म्हणजे चीनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकी वैमानिकांच्या तुकडीचं, पुढे आसामातल्या छाबुआ, दिनजानसारख्या तळांवरून हिमालय ओलांडून चीनला जाणाऱ्यांकडेही असायचं. सुरुवातीला पाठीवर शिवलेलं, मग लांबून ओळखू येतं म्हणून अस्तरात. आपल्याकडच्या कारागिरांनी त्या काळी या चीन-बर्मा-भारत आघाडीचे बिल्ले, म्हणजे ढालीवर चीनचा सूर्य, भारताचा तारा आणि खाली लाल-पांढरे पट्टे, चामड्याचे तुकडे जोडून आणि जरीच्या कामात केले. संग्राहक ते आज वेगळे शोधत फिरतात. सजावट हवीच असेल तर असा एक बिल्ला आणि नावाची पट्टी, बस्स.

नवं जाकीट घासून, रंग उडवून ‘जुनं’ करून मिळतं, त्याला मी हात लावणार नाही. कोपराला सुरकुत्या माझ्याच पडू देत. आणि मूळ जाकीटच का घेऊ नये, असं विचाराल तर जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात एक हातात घेऊन बघा. कातडं कोरडं पडून तांबूस भुकटी सुटत असेल, तर ते कपाटात ठेवायचं, अंगात घालायचं नाही.

माप मागवताना अंगाचं देऊ नका, नीट बसणाऱ्या जाकिटाचं द्या : बगलेपासून बगलेपर्यंत, खांदा, बाही, पाठीची लांबी. 40 नंबरचं ए-2 सपाट ठेवलं की बगलेत साधारण 21 ते 22 इंच भरतं. ते कमरेला आखूड आणि अंगाला घट्टच असतं, आत शर्ट मावतो, जाड स्वेटर नाही. ‘सोयीसाठी’ एक नंबर मोठं घेतलंत तर खांदे उतरतील आणि ठेकेदार शोधण्याचा सगळा खटाटोप वाया जाईल. पुण्या-मुंबईत वापरणार असाल तर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, रुंद हँगरवर उघडं टांगा, नाहीतर ऑगस्टपर्यंत बुरशी धरलीच.