आधी रेमेडियल की आधी कला उपचार?

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या पालकांपुढे हा प्रश्न असतो: आधी रेमेडियल, म्हणजे विशेष शिक्षकाकडून वाचन-लेखनाची शिकवणी, की आधी कला उपचार, म्हणजे संगीत, रंग, माती यांतून केलेलं काम? आठवड्यातले मोजकेच तास हाताशी असतात, मूलही दमतं, त्यामुळे दोन्हीकडे नाव घालणं बहुतेकांना जमत नाही. माझा कल असा, की निदानाच्या कागदापेक्षा मूल नेमकं कुठे अडतंय ते पाहून ठरवावं.

वाचन-लेखनात अडत असेल, डिस्लेक्सिया (अक्षरं आणि ध्वनी जुळवण्यातली अडचण) असेल, तर विशेष शिक्षकच हवा. 1930च्या दशकात आकाराला आलेल्या ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीत अक्षर पाहायचं, त्याचा आवाज काढायचा आणि ते बोटाने गिरवायचं, हे सगळं एकत्र चालतं. सोप्याकडून अवघडाकडे, टप्पा न गाळता, पुन्हा पुन्हा. रटाळ वाटेल, पण अक्षर आणि ध्वनीची सांगड अशीच बसते. चित्रं काढून वाचन सुधारेल असं कोणी सांगितलं, तर तिथून उठावं.

जे मूल बोलत नाही, समोर बसवलं की पळतं, त्याच्यापुढे पुस्तक ठेवून काय होणार? तिथे कला उपचार आधी. मुलाने टेबलावर थाप मारली की संगीतोपचारक तीच थाप परत देतो आणि थांबतो. पुढची थाप मुलाची. आळीपाळीने ‘बोलणं’ इथे शब्दांवाचून सुरू होतं. संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी 1959 मध्ये अशाच उत्स्फूर्त संगीतातून विशेष मुलांबरोबर काम सुरू केलं. कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला मात्र ढोल नको, रंग द्या. ओला स्पर्श सहन न होणाऱ्याला माती नको.

पुरावा संमिश्र आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 9 देशांतल्या 364 ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांच्या चाचणीत संगीतोपचाराने सामाजिक लक्षणांची तीव्रता लक्षणीय कमी झाली नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2022च्या कॉक्रेन आढाव्यात मात्र एकूण लक्षणं आणि जीवनमान यांत सुधारणा संभवनीय दिसली. ‘ऑटिझम बरा करतो’ या जाहिरातीला दोन्हींचा आधार नाही.

प्रगती मोजणं रेमेडियलमध्ये सोपं: आधी किती शब्द वाचता येत होते, आता किती. कला उपचारकाकडूनही लेखी उद्दिष्ट मागा, उदाहरणार्थ ‘दहा मिनिटं एका जागी बसणं’ किंवा ‘आपली पाळी येईपर्यंत थांबणं’. ते मिळत नसेल तर तो छंदवर्ग समजा. मूल रमत असेल तर जरूर पाठवा, फक्त उपचाराची फी देऊ नका.

बसणं आणि पाळी सांभाळणं जमू लागलं, की कला उपचारातले काही तास विशेष शिक्षकाकडे वळवा.