प्रबंधासाठी अथेन्स घ्यावं की रोम?

प्राचीन भूमध्य सागराभोवतीच्या जगात ‘आपला कोण, परका कोण’ हा विषय प्रबंधासाठी घेणार असाल, तर आधी शहर ठरवा. दोन्हीकडे साधनं आहेत, पण दोन्हीकडची उत्तरं एकमेकांच्या उलट जातात.

अथेन्समध्ये गाडी रक्तावर येऊन थांबते. इ.स.पू. 451 मध्ये तिथल्या पेरिक्लीस या पुढाऱ्यानं कायदा आणला : आई-बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. अ‍ॅरिस्टॉटल तिथं वर्षानुवर्षं राहिला, त्यानं तिथं शिकवलं, तरी तो परकाच राहिला. इथं खरा ऐवज म्हणजे न्यायालयातली भाषणं. त्यातला युक्सिथिओस काही माझ्या डोक्यातून जात नाही. इ.स.पू. 346 च्या सुमारास नागरिकांच्या याद्यांची फेरतपासणी झाली आणि गावकीनं त्याचं नाव खोडलं. त्याच्यावरचे आक्षेप बघा : बापाच्या बोलण्यात परदेशी हेल, आई बाजारात फिती विकते. तो म्हणतो, बाप लढाईत पकडला गेला, परमुलखात विकला गेला, म्हणून बोली बदलली. आईनं गरिबीपायी दुसऱ्याचं मूलही पाजलं. हा दावा हरला असता तर तो स्वतःच गुलाम म्हणून विकला जाणार होता. एवढ्या जवळून एक घर दाखवणारं साधन रोमकडे मला तरी सापडलेलं नाही.

रोमचं दार मात्र उघडझाप करणारं. रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होई. मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपला याचं इतकं नवल वाटलं, की इ.स.पू. 215 च्या सुमारास लारिसा शहराला नवे नागरिक नोंदवायला सांगताना त्यानं पत्रात रोमचाच दाखला दिला. ते पत्र दगडावर कोरलेलं आहे. पण रोमला उदार समजून लिहायला बसू नका. इटलीतल्या मित्रजमातींना इ.स.पू. 91 मध्ये शस्त्र उचलावं लागलं, तेव्हा कुठे नागरिकत्व पदरात पडलं. साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना ते मिळायला इ.स. 212 उजाडलं.

माणसं कशी वगळली जातात हे पाहायचं असेल तर अथेन्स घ्या. वेळ कमी असेल तरी तेच, कारण एक शहर आणि जेमतेम शतकभराचा काळ आटोक्यात राहतो. मी स्वतः रोम घेईन, पण अख्खं नाही. फक्त इ.स.पू. 91 ते 88 चं मित्रजमातींचं ते युद्ध. बंडखोरांनी तेव्हा पाडलेल्या एका नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडग्याला शिंगांवर घेतो आहे. भांडण होतं रोमन होण्यासाठी, आणि अक्षरं कोरली आहेत ती त्यांच्या स्वतःच्या ऑस्कन भाषेत. प्रबंधाला एवढी एक गाठ पुरेल.