साउंड कार्डची परवानगी: ऑडिओ ग्रुप की लॉगिनडी?

लिनक्सवर आवाज येत नाही: सेटिंग्जमध्ये कार्डाच्या जागी नुसतं ‘डमी आउटपुट’, पण सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं) कार्डांची यादी दाखवणारी ‘एप्ले -एल’ ही आज्ञा दिली की कार्ड हजर. म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे, घोडं अडलंय परवानगीपाशी. आता स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये, म्हणजे साउंड वापरायची मुभा असलेल्या खात्यांच्या गटात घालायचं, की सिस्टमच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या लॉगिनडीवर, म्हणजे लॉगिन-सेशन सांभाळणाऱ्या सेवेवर सोपवायचं?

ग्रुपची वाट सोपी. खात्याचे ग्रुप बदलणाऱ्या ‘युजरमॉड’ आज्ञेची एक ओळ, लॉगआउट-लॉगिन, आवाज सुरू. त्या ओळीतला ‘-ए’ तेवढा गाळू नका, नाहीतर बाकीचे ग्रुप सुडोसकट जातात.

लॉगिनडी माणूस बघून परवानगी देतो. संगणकासमोर ज्याचं सेशन चालू आहे, त्याच्या नावे साउंडच्या डिव्हाइस फायलींवर एसीएल (त्या एका खात्यापुरती जादा परवानगी) चढवतो; सेशन बदललं की काढून घेतो. ‘एलएस -एल’मध्ये परवानग्यांपुढे दिसणारं अधिकचं चिन्ह त्याचंच.

माझा कौल ठरला तो ‘स्विच युजर’मुळे. घरात संगणक एक, खाती दोन, आईचं आणि माझं, आणि दोन्ही ऑडिओ ग्रुपमध्ये. माझ्याकडे काही वाजत असताना आई तिच्या खात्यात गेली, की तिची भजनं मुकी. फाइल कोणी धरलीय ते सांगणारं ‘फ्यूझर -व्ही’ लावून बघितलं, तर कार्ड माझ्याच पल्सऑडिओनं (आवाज हाताळणाऱ्या प्रोग्रामनं) धरलेलं. ग्रुपची परवानगी कायमची असते, त्यामुळे मागे गेलेल्या सेशनला कार्ड सोडायचं कारणच उरत नाही. एसीएल निघाला की मात्र पल्सऑडिओ आपणहून सोडतो. शिवाय मायक्रोफोनही याच फायलींमध्ये येतो. मागच्या सेशनला समोरच्याचं बोलणं ऐकता यावं, हे मला घरातसुद्धा पटत नाही. दोन्ही खाती ग्रुपमधून काढली, तेव्हापासून भजनं सुरळीत आहेत.

ग्रुप निरुपयोगी आहे असं नाही. गाणी वाजवणाऱ्या एमपीडीसारखी स्वतःच्या खात्यावर चालणारी सेवा असेल किंवा एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करून) गाणी लावायची असतील, तर समोर बसलेलं कुणी नसतंच. तिथे ग्रुपच हवा. डेबियन या लिनक्सवर जॅक (संगीताच्या कामासाठीचा साउंड सर्व्हर) वापरणाऱ्यांना रिअलटाइमची, म्हणजे ऑडिओच्या कामाला प्राधान्य देण्याची मुभाही ऑडिओ ग्रुपमार्फतच मिळते, त्यांचं गणित वेगळं असू शकेल.

साध्या डेस्कटॉपवर मात्र मी आधी साउंडच्या फायलींवरचे एसीएल दाखवणारं ‘गेटएफएसीएल’ देऊन बघेन. त्यात आपलं नाव नसेल, तर सेशनची माहिती देणाऱ्या ‘लॉगिनसीटीएल’मध्ये आपलं सेशन ‘सीट०’वर (म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या स्क्रीन-कीबोर्डवर) आणि ॲक्टिव्ह आहे का ते तपासेन. बहुधा गोची तिथेच सापडते.