चार बोर्डांवरचा डायरेक्टर घ्यावा की फक्त आपलाच?

चाकण-भोसरीकडच्या एखाद्या ऑटो पार्ट्सवाल्या कंपनीने आयपीओ आणायचं, म्हणजे पहिल्यांदा लोकांना शेअर विकून बाजारात उतरायचं ठरवलं की हा प्रश्न येतोच. चार कंपन्यांच्या बोर्डांवर (संचालक मंडळांवर) बसणारा माणूस घेतला तर ईव्हीकडे (इलेक्ट्रिक गाड्यांकडे) वळणं, एक्सपोर्ट, दुसरी कंपनी विकत घेणं हे त्याने आधी कुठेतरी बघितलेलं असतं, बँकेत ओळख असते, आणि मीटिंगमध्ये पहिल्याच स्लाइडवर तो सीएफओला (पैशाचा कारभार बघणाऱ्या साहेबाला) विचारतो की अहो एकाच गिऱ्हाइकावर एवढा धंदा कसा काय. पण मग आपली स्ट्रॅटेजीही हळूहळू त्याच्या बाकीच्या कंपन्यांसारखी दिसायला लागते. आणि वेळ? शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी एका माणसाला ७ लिस्टेड (बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांपर्यंत चालवून घेते, कंपनी कायदा २०१३ तर एकूण २० कंपन्या (त्यात पब्लिक लिमिटेड जास्तीत जास्त १०), म्हणजे कागद वाचतो कधी देव जाणे.

फक्त आपल्याच बोर्डावरचा माणूस शॉपफ्लोअर फिरतो, फोन उचलतो, बाहेरचं वारं कमी लागलेलं असतं एवढंच.

खरी गंमत वेगळीच, बऱ्याचदा स्ट्रॅटेजी आधी ठरते आणि मग त्याच वाटेने गेलेला डायरेक्टर शोधतात. माझं विचाराल तर नवीन धंद्यात उतरायचं असेल तर पहिला, फक्त तो स्पर्धकाच्या बोर्डावर नको, आहे तो प्लांट नीट चालवायचा असेल तर दुसरा बास.