थेट बोट की आधी दोन रात्री हॉटेल? डॅन्यूबच्या छोट्या सफरीतला जेट लॅग

पुढच्या जूनमध्ये मध्य युरोपातल्या डॅन्यूब नदीवरच्या क्रूझला निघालेल्या माझ्या मेहुण्याचा गेल्या आठवड्यात फोन आला. बोटीचं बुकिंग झालंय, विमानाची तिकिटं एकाच प्रश्नावर अडलीत: बोट सुटते त्याच दिवशी सकाळी उतरायचं, की दोन दिवस आधी जाऊन शहरात राहायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्यांदा हंगेरीतलं बुडापेस्ट ते जर्मनीतलं पासाऊ, सात रात्री, विमानतळावरून थेट बोटीवर. दुसऱ्यांदा व्हिएन्नाहून ब्राटिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि परत व्हिएन्ना, पाच रात्री, पण दोन दिवस आधी पोहोचून. फोनवर तासभर बोलूनही बरंच राहून गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जेट लॅगबद्दल. आपला आणि मध्य युरोपचा वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की साडेचार तासांचा. बोटीवर आमच्या टेबलाशी कॅलिफोर्नियाचं एक जोडपं असायचं, त्यांना नऊ तास पचवायचे होते. त्यांच्यापुढे आपलं काहीच नाही. शिवाय आपण पश्चिमेला जातो, म्हणजे दिवस लांबतो. बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून जरा लांबच चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. मग पहिले दोन दिवस आपण एवढे का पेंगतो? माझ्यापुरतं विचाराल तर साडेतीन तासांचा वाटा कमी आणि जागरणाचा जास्त.

पहिल्या खेपेचा हिशोब सांगतो. सकाळी सहाला नेहमीसारखा उठलो. दिवस बॅगा भरण्यात गेला. संध्याकाळी पुण्याहून गाडी, घाटात ट्रॅफिक, रात्री मुंबई विमानतळ, एकच्या सुमाराला उड्डाण. विमानात जेवण येतं तोवर आपल्याकडचे अडीच वाजलेले असतात. पुढे मिळाली ती दोनेक तासांची तुटक झोप. फ्रँकफर्टला साडेसहाला उतरलो, तिथून दुसरं विमान, दहाच्या आत बुडापेस्ट. सव्वाअकराला धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ऊन छान होतं, समोर नदी होती, आम्ही दोघंही खूश होतो. रिसेप्शनवरच्या मुलीनं हसून बॅगा घेतल्या आणि सांगितलं, केबिन तीन वाजता मिळेल.

तिची काही चूक नव्हती. आधीचे प्रवासी सकाळीच उतरलेले असतात, मधल्या वेळात बोट साफ करायची असते. पण सव्वाअकरा ते तीन हे पावणेचार तास मी विसरलेलो नाही. विमानात पाय सुजतात, त्यामुळे बूट चावत होते आणि चपला बॅगेत गेलेल्या. तोंड धुवायला लाउंजशेजारचं स्वच्छतागृह, कपडे कालचेच. शहर बघून या म्हणाले, म्हणून निघालो आणि साखळी पुलाच्या अर्ध्यातून परत आलो, कारण बायकोला चक्कर आल्यासारखं होत होतं. मग लाउंजमध्ये बसलो. बसल्या बसल्या ती झोपली: पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे घालून घट्ट धरलेला, मान काचेकडे कललेली, पासपोर्टचं पाकीट मांडीवर. तिची मान आणि काच यांच्यामध्ये मी माझा स्वेटर घडी करून सरकवला. तिच्या शेजारी आपण जागं राहायचं, म्हणून चार कप कॉफी प्यायलो. तीन वाजता किल्ली मिळाली तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झाले होते. म्हणजे घरी उठल्याला साडेछत्तीस तास.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. 'दहा मिनिटं पडतो' म्हणून आडवे झालो, ते साडेपाचच्या सुरक्षा कवायतीच्या घोषणेनं उठलो. जेवण सातला, आपले रात्रीचे साडेदहा. सूप झालं, पुढचं ताटात तसंच राहिलं. आठ-साडेआठला दोघंही गाढ. आणि रात्री दहाच्या सुमाराला, दिव्यांनी उजळलेल्या संसदेसमोरून आमची बोट बुडापेस्ट सोडून निघाली. जिच्यासाठी ही सफर निवडली होती ती रात्र आम्ही झोपून काढली.

मला सव्वादोनला लख्ख जाग आली. घरी मी पावणेसहाला उठतो आणि घरी तेव्हा पावणेसहाच वाजले होते. नदीवरच्या बोटीतली केबिन हॉटेलच्या खोलीहून बरीच लहान असते. दिवा लावला तर दुसरा उठतो, खुर्ची ओढली तरी उठतो. मी कपडे घेऊन बाथरूममध्ये बदलले आणि वर जाऊन बसलो.

इथं थेट बोटीच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडतो. त्या पहाटे चारच्या सुमाराला एस्टरगोम आलं. हंगेरीतलं सगळ्यात मोठं चर्च तिथं टेकाडावर आहे, नदीला अगदी लागून. जूनमध्ये त्या वेळी आभाळ राखाडी-निळं असतं, घुमट नुसता काळा दिसतो आणि हळूहळू हिरवट होत जातो. डेकवर मी एकटाच होतो. वेळेवर झोपलेल्या माणसाला हे दिसत नाही. मात्र त्या उजेडाची किंमत दुसऱ्या दिवशी मोजली, कारण पहाटेचा उजेड आतलं घड्याळ आणखी अलीकडे ओढतो आणि आपल्याला ते पलीकडे ढकलायचं असतं. दुसऱ्या रात्रीही नऊला डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी सुधारलो. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा छत्तीस किलोमीटरचा पट्टा आला तोवर पूर्ण ताळ्यावर होतो. द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, ड्युर्नस्टाइनचा पडका किल्ला, सगळं जागेपणी पाहिलं. म्हणजे थेट बोटीवर गेल्यानं सफर वाया गेली असं मी म्हणणार नाही. सात रात्रींतल्या दोन संध्याकाळी गेल्या. पण पाच रात्रींच्या सफरीत दोन संध्याकाळी जाणं मला फार वाटतं.

आता दुसरी खेप. लोक समजतात की दोन दिवस आधी जायचं ते सवय व्हायला. असेलही. पण मला खरा फायदा वेगळाच दिसला: विमान निवडायची मोकळीक. बोट त्याच दिवशी गाठायची असेल तर चुकण्याच्या धास्तीनं आपण सगळ्यात लवकर पोहोचणारं विमान घेतो, म्हणजे रात्रीचं. आधी जायचं असेल तर ती घाई उरत नाही. आम्ही मुंबईहून सकाळी दहाचं, आखातात बदलायचं विमान घेतलं आणि संध्याकाळी साडेसहाला व्हिएन्नाला उतरलो. आपले रात्रीचे दहा. हॉटेलात पोहोचेपर्यंत आठ, गरम सूप आणि ब्रेड, दहाला झोप. जागरण म्हणावं तर साडेतीन तासांचं, लग्नाघरी होतं तेवढं. सकाळी साडेचारला जाग आली, पण पडदे ओढून पडून राहिलो तर सहापर्यंत पुन्हा डोळा लागला.

पुण्याच्या माणसाला सकाळी दहाचं विमान म्हणजे पहाटे तीनला घर सोडणं, आणि मग जागरण ते आलंच. आम्ही आदल्या दिवशी पार्ल्याला बहिणीकडे मुक्काम केला. मुंबईत कुणी नसेल तर विमानतळाजवळच्या हॉटेलचा खर्च धरा. माझ्या मते तो व्हिएन्नाच्या हॉटेलाइतकाच आवश्यक आहे.

व्हिएन्नात हॉटेल प्राटरस्टर्न मेट्रो स्थानकाजवळ घेतलं होतं, मुद्दाम. बोटी राइशब्र्युके पुलाच्या आसपास लागतात आणि तिथलं जवळचं फोर्गार्टनश्ट्रासे हे यू-वन मेट्रोवर प्राटरस्टर्नच्या पुढचंच स्थानक. मधल्या दिवशी कोणतंही संग्रहालय ठेवलं नाही. प्राटर या मोठ्या बागेतल्या हाउप्टअॅले रस्त्यावर दुतर्फा चेस्टनटची झाडं आहेत, साडेचार किलोमीटर सरळ. संध्याकाळी पाचनंतर तिथं अंधार पडेपर्यंत चाललो. पश्चिमेला आल्यावर संध्याकाळचा उजेड अंगावर घेणं हा मला मिळालेला सगळ्यात गुणकारी उपाय. झोप आपोआप तासभर पुढे सरकते. दुपारी बारानंतर कॉफी नाही, दुपारची झोप घेतलीच तर गजर लावून वीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला बोटीवर गेलो, केबिन तयार होती, बॅगा आत आल्या, आंघोळ केली आणि वर जाऊन बसलो. तीन वाजण्याची वाट बघावी लागली नाही एवढ्या एका गोष्टीनं सबंध सफरीचा सूर बदलला.

याच्या विरुद्ध बाजूला काय आहे? खर्च, अर्थातच: दोन रात्रींचं हॉटेल, जेवणं, आणि नोकरी असेल तर आणखी दोन दिवसांची रजा. शेंगेन व्हिसाच्या अर्जात त्या दोन रात्रींचं बुकिंग दाखवावं लागतं आणि प्रवास विम्याच्या तारखाही तशाच घ्याव्या लागतात. एजंट बोटीच्या तारखा धरून विमा काढतो, तेवढं तपासा. आणि एक चूक हमखास होते. आधी जायचं ठरवून लोक पुन्हा रात्रीचंच विमान घेतात आणि सकाळी आठला हॉटेलच्या दारात उभे राहतात. हॉटेलची खोलीही दुपारीच मिळते. मग खुर्ची बोटीवरची काय आणि हॉटेलातली काय, फरक काहीच नाही. रात्रीचंच विमान घ्यावं लागलं तर आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली सकाळी तयार ठेवायला सांगा.

थेट बोटीवर जाणंच कुणाला परवडेल? पस्तिशीच्या आतल्यांना, विमानात मांडी घातल्याबरोबर झोपणाऱ्यांना, आणि ज्यांना मोजून आठच दिवस रजा आहे त्यांना. त्यांच्यासाठी माझी एक सुचवणी: बुडापेस्टहून सुरुवात न करता पासाऊहून करा. म्युनिकला उतरून रेल्वेनं दोन-सव्वादोन तासांत पासाऊ येतं. पहिल्या रात्री डोळे मिटले तरी फार काही हुकत नाही आणि बुडापेस्ट शेवटी येतं, तोवर शरीर तिथलं झालेलं असतं. बोट तीच, नदी तीच, फक्त दिशा उलटी. आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

बरोबर साठीच्या पुढचं कुणी असेल, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं वेळेवर घ्यायची असतील, तर मात्र मी दोन रात्रींकडेच वळेन. गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेहुण्याबरोबर माझ्या सासूबाई जाणार आहेत, वय एकाहत्तर. त्या लाउंजमधल्या सोफ्यावर त्यांना पावणेचार तास बसलेलं मला बघवणार नाही, हे त्यालाही सांगितलं. तरीही त्यानं थेट बोटीचंच ठरवलं, तर निदान केबिन नक्की किती वाजता मिळते हे बोट कंपनीला ईमेलनं विचारून मगच विमान पक्कं करावं.

दुसऱ्या खेपेला बुडापेस्टच्या रात्री बोटीनं अंधार पडल्यावर एक फेरी मारली. सप्टेंबर होता, डेकवर शाल लागत होती. संसदेवरच्या दिव्यांच्या झोतात पांढरे पक्षी घुमटाभोवती घिरट्या घालत होते, खालून ते सोनेरी दिसत होते. मार्गारेट पुलाखालून वळून बोट पुन्हा साखळी पुलाकडे आली तेव्हा साडेदहा झाले होते, म्हणजे घरी रात्रीचे दोन. बायको कठड्याला टेकून उभी होती. खाली जायचं का विचारलं तर म्हणाली, "थांब की, अजून एक पूल राहिलाय."