फाँटस्पेक : एका आज्ञेत सबंध पुस्तकाचा फाँट

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत मराठी पुस्तक जुळवणाऱ्यांनी सर्वांत आधी शिकावे असे पॅकेज, म्हणजे तिला जोडायचा पूरक संच, म्हणजे विल रॉबर्टसन यांचे फाँटस्पेक. ते विनामूल्य असून टेकलाइव्ह या लाटेकच्या वितरणसंचाबरोबरच येते आणि झीलाटेक किंवा लुआलाटेक या लाटेकच्या युनिकोड जाणणाऱ्या आवृत्त्यांवर चालते. या दोहोंचा मूळचा फाँट लॅटिन मॉडर्न. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे फाँट न सांगता मराठी मजकूर दिला तर पाने कोरी निघतात आणि अक्षरे सापडली नसल्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे जुळणीच्या नोंदींच्या फाइलमध्ये, राहते.

दस्तऐवजाच्या आरंभी ‘सेटमेनफाँट’ ही आज्ञा लिहून फाँटचे नाव दिले, की मुख्य मजकूर, तळटीपा आणि अनुक्रमणिका एकदमच बदलतात. मात्र त्याच आज्ञेत लिपी देवनागरी असल्याचे सांगणे अत्यावश्यक आहे, नाही तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. भाषा मराठी असल्याचेही आवर्जून सांगावे, कारण ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तेथे ते या सूचनेमुळेच उमटतात. मराठी पुस्तकात हिंदी वळणाचा ल पाहणे मला तरी सोसत नाही, आणि एवढ्या एका सोयीसाठीही मी या पॅकेजची शिफारस करीन.

आज्ञेच्या नावातला ‘मेन’ हा शब्द मात्र अक्षरशः घ्यावा. सॅन्स (टोकांना फराटे नसलेले), समरुंद आणि गणिती फाँट तिच्या कक्षेत येत नाहीत. कोमा-स्क्रिप्ट या लाटेकच्या संचातील दस्तऐवज-वर्गांत (तयार मांडणी-साच्यांत) शीर्षके सॅन्समध्ये असल्याने ‘सेटसॅन्सफाँट’ ही वेगळी आज्ञा न दिल्यास मराठी शीर्षकांची जागा रिकामी दिसते.

फाँटची निवडही जपून करावी लागते. टिरो देवनागरी मराठी या फाँटचे वळण अतिशय देखणे आहे, पण त्यात ठळक अक्षरे नाहीत. मुंबई आयआयटीच्या शोभिका फाँटमध्ये ठळक आहेत, तिरपी नाहीत. अशा वेळी ठळक किंवा तिरप्या अक्षरांसाठी दुसऱ्या कुळातला फाँट नेमण्याची सोय फाँटस्पेकमध्ये आहे, परंतु दोघांची उंची जुळवण्यासाठी ‘स्केल’चा आकडा डोळ्यांनी पारखूनच ठरवावा लागतो. फाँट बदलला की ओळी आणि पाने नव्याने तुटतात, तसेच मात्रा व उकारांना वरखाली जागा लागत असल्याने ओळींमधले अंतरही वाढवावे लागते. म्हणून हा निर्णय मुद्रितशोधनाच्या आधीच घ्यावा.