लालाहोन आणि सिदापा: विसाया बेटांवरील दोन पर्वतदेवता

फिलिपिन्समधील विसाया बेटांवरच्या या दोन्ही देवतांची माहिती मिगेल दे लोआर्का या स्पॅनिश अधिकाऱ्याने 1582 मध्ये लिहून ठेवली. लालाहोन नेग्रोस बेटावरील ज्वालामुखीत राहते, तेथून आग फेकते आणि पिकासाठी केलेल्या विनवण्या ऐकते. मात्र तिची मर्जी नसेल तर ती टोळधाड पाठवून उभे पीक फस्त करवते. सिदापाचा कारभार वेगळा आहे. पानाय बेटावरील मादिया-आस पर्वतावर त्याचे एक अतिशय उंच झाड असून, प्रत्येक नवजात बालकाच्या आयुष्याचे माप घेऊन तो त्यावर खूण करतो, आणि त्या माणसाची उंची खुणेला टेकली की त्याच क्षणी त्याचा मृत्यू होतो.

लालाहोनला निदान आळवता तरी येते. सिदापाची खूण एकदा पडली की पडली. म्हणूनच मला सिदापाची कल्पना अधिक भेदक वाटते, कारण तिच्यात वाढणे हेच मरणाकडे सरकणे ठरते. (हल्ली इंटरनेटवर रंगवली जाणारी त्याची चंद्रदेवाशी प्रेमकथा लोआर्काच्या नोंदीत नाही.) लालाहोनचा धाक मात्र डोळ्यांना दिसणारा होता: नेग्रोसवरचा कानलाओन ज्वालामुखी 2024 मध्येही धुमसला.